आमरी आणि गोड्या पाण्याचा हौद

पानं सुरकुतलेली कुंडी काखेत मारून लोक माझ्याकडे यायचे आणि मी कुंडीला हात लावायच्या आत निदानही सांगून मोकळे व्हायचे, "तायडेमाळी, पाणी कमी पडलं असेल." काहीजण तर येण्याआधी घरी बादलीभर ओतून आलेले असायचे. कुंडीतून माझ्या पायांवर पाणी ठिबकत असायचं, आणि वर मलाच विचारणं, "आता बरं होईल ना?" माळीकामात मी आयुष्य घालवलं. वऱ्हाडातल्या वैशाखाचा मला कधी राग आला नाही, पण या ओतणाऱ्यांचा आला आणि अजून येतो. तहान कशानं लागली हे न बघता पाणी ओतणं म्हणजे नुसती आपल्या हाताची हौस.

आमरी म्हणजे साहेबलोक ज्याला ऑर्किड म्हणतात ते झाड. आमच्या मेळघाटात ती मोठ्या झाडांच्या फांद्यांवर आपली आपण वाढते. गावाकडे तिला सरसकट बांडगूळ म्हणतात, त्याचाही मला राग आहे. बांडगूळ दुसऱ्याच्या अंगात मुळं घुसवून त्याचा रस पितं. आमरी फांदीवर फक्त बसते. पाऊस, दव, हवेतली ओल, सालीवरचा पालापाचोळा एवढ्यावर तिचं भागतं. कुणाचं काही घेत नाही, आणि नाव मात्र फुकटखाऊ.

हे सगळं मला शिकवलं रहीमचाचांनी. मी नथ्थू तायडे, नांदगाव खंडेश्वरकडचा, सातवी शिकलेला. छप्पन साली आमचं घर बौद्ध झालं आणि पुढच्याच वर्षी मी अमरावतीला कॅम्पातल्या एका सरकारी बंगल्यावर बागेत रोजंदारीला लागलो. चाचा तिथले जुने माळी, अचलपूरचे. पांढरी दाढी, एका डोळ्यात फूल पडलेलं, आणि बोलणं अर्धं हिंदी, अर्धं वऱ्हाडी. बंगल्याच्या व्हरांड्यात इंग्रज साहेबाच्या काळापासूनच्या दहा-बारा आमऱ्या टांगलेल्या होत्या. त्यांना चाचांशिवाय कुणी हात लावायचा नाही असा नियम होता. तो नियम चाचांनी माझ्यासाठी तिसऱ्या महिन्यात मोडला.

माझा पहिला धडा एका इंजिनिअरसाहेबांच्या बाईंच्या कुंडीवर झाला. त्या शेजारच्या बंगल्यात राहत. त्यांच्याकडे सकाळी मी पाणी घालायला जायचो, आणि त्यांची आमरी दिवसेंदिवस मलूल होत होती. एक दिवस त्या कुंडी उचलूनच चाचांकडे आल्या.

"हा तुमचा माणूस कामचोर आहे. पानं बघा, जुन्या पट्ट्यासारखी झालीत. पाणीच घालत नाही हा. शेवटी मीच रोज दोन तांबे घालते."

चाचांनी पानांकडे बघितलंच नाही. मला म्हणाले, "नथ्थू, कुंडी उलट."

मी उलटली. आत माती भरलेली आणि मातीत मुळं तपकिरी, लिबलिबीत. चाचांनी एक मूळ चिमटीत धरून ओढलं. वरची साल सुटून त्यांच्या बोटांत आली आणि आतला दोऱ्यासारखा तंतू तेवढा लोंबत राहिला.

"ये देखो बाईसाब. पीने का मुंहच सड गया. आता याले नदीत बसवा, तरी प्यासाच मरेल."

आमच्या धंद्यातली मुख्य गोष्ट एवढीच. आमरीचं मूळ जाड असतं, त्यावर पांढरा स्पंजासारखा थर असतो. कोरडं असलं की चुन्यासारखं पांढरं, पाणी लागलं की बघता बघता हिरवं. ते कडक आणि पांढरं असेल तर झाड खरंच तहानलेलं आहे, त्याला पाण्यात बुडवून काढा. मूळ सडलं असेल तर तुम्ही आधीच जास्त पाजलं आहे. पान मात्र दोन्ही वेळा सारखंच सुरकुततं. चाचा म्हणायचे, "पत्ते कू मत पूछ, वो झूठ बोलता." शिवाय हे झाड फार सोशिक. आज त्याचं पाणी तोडलं तर महिन्यानं दुःख दाखवतं, आणि आज उपचार केला तर दोन-दोन महिने तोंडावर काही दिसू देत नाही. तेवढा धीर मालकांकडे नसतो.

बाईंच्या आमरीची सडकी मुळं आम्ही दिव्यावर धरलेल्या पात्यानं कापली, कापल्या जागी हळद दाबली, दोन दिवस सावलीत उघडी ठेवली आणि मग कोळसा आणि विटांचे तुकडे घालून बसवली. मातीचा कण नाही. वाळ्याची ताटी खिडकीला लावलेली असायची. तिच्यावर दुपारी पाणी मारलं की गार ओल सुटायची, त्या ओलीत टांगली. बाई दर आठवड्याला येऊन "मेली का?" विचारून जायच्या. पावसाळ्यात तिला नवं पान आलं, तेव्हा बाई पाहुण्यांना सांगत होत्या, "मी स्वतः रोज पाणी घालते हो, नोकरांवर नाही सोडत." मी तिथंच उभा होतो, हातात झारी घेऊन. कामचोर हा शब्द त्यांनी कधी परत घेतला नाही.

पण हे किरकोळ. ज्यासाठी मी लिहायला बसलो ते पुढंच आहे.

साठ साल यायच्या आसपासची गोष्ट. अकोल्याला एक मोठे वकील होते, त्यांना सगळे आबासाहेब म्हणत. त्यांची सून सुमनताई ही आमच्या बंगल्यातल्या साहेबांच्या बाईंची मैत्रीण. ताईंचे वडील आसामात रेल्वेत होते. तिथून त्यांनी एक आमरी आणली होती. वेणीसारखा लोंबता घोस येणारी, पांढऱ्यावर जांभळे ठिपके. आसामातल्या पोरी सणाला हीच फुलं अंबाड्यात माळतात म्हणे. वडील गेले आणि झाड ताईंकडे आलं. सासरी आल्यावर ते सुकायला लागलं. त्यांनी मैत्रिणीला पत्र लिहिलं आणि साहेबांनी मला फाल्गुनात अकोल्याला पाठवलं. शेजाऱ्याला शिडी उसनी द्यावी तसं. मला विचारलं कुणी नाही.

आबासाहेबांचा बंगला मोठा होता. मागं फरसबंद चौक, चौकाच्या एका अंगाला विहीर, दुसऱ्या अंगाला झाकणाचा सिमेंटचा हौद. मला राहायला गोठ्याशेजारची खोली. झाड चौकाच्या व्हरांड्यात लाकडी फळ्यांच्या टोपलीत टांगलेलं होतं. मी पानांवरून हात फिरवला. मधोमध दुमडलेली, आणि शेंडे उदबत्तीनं डागल्यासारखे करपलेले. हे काही सडण्याचं लक्षण नव्हतं. मुळं बघितली, तर मुळं कडक होती, पण प्रत्येकाचं टोक काळं. आणि टोपलीच्या फळ्यांवर पांढरी भुकटी. मी बोटानं थोडी घेतली आणि जिभेला लावली.

सुमनताई बघत होत्या. "काय करताय हे?"

"ताई, कोणतं पाणी घालता याले?"

"विहिरीचं. रोज घालते. अजिबात चुकवत नाही."

"ते बंद करा. तुमी याले मीठ चारून राहिल्या."

बाहेरच्यांना हे सांगावं लागेल. अकोल्याच्या भोवताली पूर्णेच्या खोऱ्यात जमिनीखालचं पाणी खारं आहे. विहिरीतलं पाणी दिसायला निर्मळ, पण डाळ शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही. त्या पाण्यानं आमरीच्या मुळांवर मीठ चढतं, आणि मीठ मुळातलं होतं नव्हतं ते पाणी उलट ओढून घेतं. म्हणजे झाडावर तुम्ही जितकं पाणी घालाल तितकं ते कोरडं पडत जाईल. चाचांनी मला हे शब्दांत सांगितलं होतं. प्रत्यक्ष मी तिथं पहिल्यांदा पाहिलं.

गोडं पाणी नळाला सकाळी थोडा वेळ यायचं, ते हौदात साठवून घरात वापरायचे. मी ताईंना म्हणालो, आधी तीन दिवस टोपली गोड्या पाण्यानं धुऊन काढू, मग रोज सकाळी दोन तांबे, तेही हौदातलेच. ताई स्वतः पितळी कळशीतून आणून द्यायच्या. त्या हातात कळशी देत नसत, कट्ट्यावर ठेवत. मी कट्ट्यावरून उचलायचो. मी ते पाहिलं होतं आणि मनात बाजूला ठेवलं होतं. झाड माझ्यासमोर होतं, आणि ताईंचा सूर चांगला होता. "तायडेभाऊ" म्हणायच्या. त्या घरात भाऊ म्हणणाऱ्या त्या एकट्याच.

पंधरा दिवसांत एका मुळाला पोपटी टोक फुटलं. तांदळाच्या दाण्याएवढं. ताई लहान मुलीसारख्या टोपलीखाली उभ्या राहून ते बघत बसल्या. त्यांना आठवा महिना होता.

"बाबा म्हणायचे, हे झाड मरत नाही, लोक मारतात," त्या म्हणाल्या.

मग त्या बाळंतपणाला नागपूरला माहेरी गेल्या. जाताना सासूबाईंच्या, म्हणजे आईसाहेबांच्या, समोर मला म्हणाल्या, "झाड तुमच्या जिम्म्यात. मी येईपर्यंत तुम्हीच त्याचे मालक." आणि काशीबाईला, म्हणजे घरातल्या कामाच्या बाईला, सांगून गेल्या की रोज सकाळी हौदातलं पाणी बादलीत काढून पायरीवर ठेवायचं. आईसाहेबांनी मान हलवली. मी अमरावतीला सांगावा धाडला की मुक्काम वाढला.

रोज सकाळी पायरीवर बादली असायची. मला प्यायलाही काशीबाई पाणी द्यायची, वरून ओंजळीत. ते मचूळ लागायचं. मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "हौदातलंच हाय, बावा." मला वाटलं, अकोल्याचं गोडं म्हणजे अकोल्याच्या मानानंच गोडं असणार. परगावचा माणूस, कशाला नावं ठेवायची!

तीन आठवड्यांत पोपटी टोक काळं पडलं. मी चक्रावलो. झाडाची जागा बदलली, भोवती ओलं गोणपाट बांधलं, ऊन कुठून येतं ते पाहिलं, मुंग्या पाहिल्या. पानं पुन्हा दुमडली. रात्रंदिवस एकच विचार, माझ्या हातून काय चुकलं? मग एका सकाळी टोपलीच्या फळीवर बोट फिरवलं आणि बोटाला भुकटी लागली. मी बादलीकडे वळलो आणि ओंजळभर पाणी तोंडात घेतलं.

रोज मी पीत होतो तेच. थेट विहिरीचं.

काशीबाई राखेनं भांडी घासत होती. मी बादली तिच्यासमोर ठेवली. "काशीबाई, हे कुठलं पाणी?"

ती वर बघेना. "मले काहून विचारून राहिला? आईसाहेब म्हणल्या, झाडाले कोण गोडं पाणी पाजते? उन्हाळ्याचे दिवस."

"आन् मले?"

"तुले..." ती घासत राहिली. "तुले म्हणल्या, तो कुठं राजाच्या घरून आला?"

आता मी काय सांगू! मला राग यायला पाहिजे होता तो आधी माझाच आला. मीठ ओळखणारा माळी मी. बोटभर भुकटीवरून निदान करणारा. आणि तीन आठवडे मी स्वतः तेच पाणी पीत होतो, रोज, आणि माझ्या जिभेनं सांगितलेलं मी ऐकलं नाही, कारण कुणीतरी तोंडानं "हौदातलं" म्हणालं होतं. झाडाचं मी तपासलं, माझं तपासलं नाही. याचा पस्तावा मला आजही आहे.

मी बादलीतलं पाणी चौकात ओतलं. हौदाजवळ गेलो, झाकण सरकवलं आणि बादली बुडवून भरून काढली. पायरी चढून टोपलीवर सावकाश, मुळं भिजतील असं, ओतलं. फळ्या चोळून धुतल्या. पुन्हा हौदावर गेलो, पुन्हा बादली भरली, आणि त्यातलं ओंजळीनं प्यालो. नुसतं पाणी, पण महिन्याभरात असं गोड पाणी तोंडात गेलं नव्हतं.

आईसाहेब दारात उभ्या होत्या. त्या मला काही बोलल्याच नाहीत. घरात वळून ओरडल्या, "अहो, बाहेर या! यानं हौद बाटवला!"

उन्हाळी कोर्ट सकाळचं असायचं, पण त्या दिवशी सुटी होती. आबासाहेब धोतराचा सोगा धरून आले. त्यांनी हौदाचं उघडं झाकण पाहिलं, माझे ओले हात पाहिले.

"काय केलंस?"

मी सांगितलं. झाडाचं दुखणं सांगितलं, विहिरीच्या पाण्याचं सांगितलं, ताईंनी जाताना काय सांगितलं ते सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "हे बघ, जातीपातीचा प्रश्नच नाही. मी वकील आहे, कायदा मला ठाऊक आहे. दुसऱ्याच्या घरातल्या वस्तूला परवानगीशिवाय हात लावलास, एवढाच प्रश्न आहे."

इतक्यात आईसाहेबांच्या हुकमावरून गड्यानं हौदाच्या तळाचा बोळा उपटला. पाणी मोरीतून धो-धो गल्लीत जायला लागलं.

"मंग हे पाणी काहून सोडून दिलं, साहेब?" मी विचारलं.

आबासाहेबांनी चष्मा काढला. मोठा गाजलेला वकील. समोरच्याला एका प्रश्नात गार करणारा, अशी ख्याती. चष्मा पुसत म्हणाले, "निघ इथून."

गल्लीत पाण्याचा आवाज ऐकून आजूबाजूच्या बाया हंडे-गुंड्या घेऊन धावल्या. वैशाखातलं अकोला, आणि गोडं पाणी मोरीतून वाहतंय! आईसाहेब गॅलरीतून ओरडत होत्या, "घेऊ नका गं, बाटलेलं आहे ते!" एक-दोघी मागं सरल्या. बाकीच्या गुडघ्यावर बसून तांब्यानं भरतच राहिल्या. त्यांतली एक म्हातारी वर बघून म्हणाली, "बाटलं त बाटलं. तान त भागते ना!"

मी खोलीतून माझी पिशवी घेतली आणि व्हरांड्यातली टोपली काढली. "हे ताईंनी माझ्या जिम्म्यात देलं हाय," असं मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो. कुणी अडवलं नाही. अडवायला टोपलीला हात लावावा लागला असता.

एस.टी.त मांडीवर टोपली घेऊन, भोवती ओला गमछा गुंडाळून मूर्तिजापूरमार्गे अमरावतीला आलो. चाचांनी झाड डोळ्याजवळ धरून एकेक मूळ बोटानं दाबून पाहिलं. काळी टोकं कापली. "एक जड बाकी है," म्हणाले. "एक बहोत है."

आठवडा गेला नसेल, तोच पोलीस आला. आबासाहेबांनी माझ्यावर चोरीची तक्रार दिली होती. तक्रार काय, तर 'आसामी जातीचे दुर्मिळ फुलझाड टोपलीसह'. ज्या झाडाला तांब्याभर पाणी द्यायला ते घर तयार नव्हतं, ते तक्रारीत दुर्मिळ झालं!

जमादार पोटानं सुटलेला, स्वभावानं आळशी, पण माणूस म्हणून वाईट नव्हता. ठाण्यात टेबलावर टोपली ठेवून त्यानं चारी बाजूंनी पाहिली. सुरकुतलेली तीन पानं आणि एक पांढरं मूळ.

"याच्यासाठी एवढा कागद? हे त मेलं हाय लेका." मग आवाज उतरवून म्हणाला, "ऐक. मी लिहितो, झाड मेलेलं सापडलं. मेलेल्याची काय चोरी! तू घरी, मी घरी. बोल, मेलंच हाय ना?"

चाचा माझ्या शेजारी होते. त्यांनी माझा दंड दाबला. हो म्हण, असा त्याचा अर्थ होता. मला समजत होतं. नुसतं हो म्हणायचं होतं.

"नाही जमादारसाहेब," मी म्हणालो. "जित्तं हाय."

"कोण म्हणते जित्तं?"

टेबलावर त्याच्या प्यायच्या पाण्याचा पेला होता. मी बोट बुडवलं आणि त्या एका मुळावरून हलकंच फिरवलं. पांढऱ्यावर हिरवा रंग चढत गेला. जमादार खुर्चीतून उठून वाकला. त्यानं स्वतःच्या बोटानं आणखी थोडं पाणी लावलं. तिथंही हिरवं झालं.

"आयला!" तो म्हणाला. आणि मग खुर्चीत बसून माझ्याकडे बघून हताशपणे म्हणाला, "आता मंग चोरी लिहावी लागते ना, बावा!"

संध्याकाळपर्यंत मला बाकावर बसवलं. पुढं चाचांच्या आणि आमच्या साहेबांच्या शब्दावर सोडलं. झाड मात्र सोडेनात, ते मुद्देमाल. त्याला चिठ्ठी चिकटवली आणि कपाटावर ठेवलं. मी जमादाराचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले. शेवटी त्यानं परवानगी दिली की रोज सकाळी येऊन, शिपायासमोर, पाणी शिंपडून जायचं. मी गोड्या पाण्याची बाटली घेऊन रोज ठाण्यात जायचो. आरोपी स्वतःच्या पायांनी रोज हजर होतोय, याचं शिपायांना हसू यायचं. मला येत नव्हतं. चौथ्या-पाचव्या दिवशी जमादारानं टोपली स्वतःहून कपाटावरून काढून खिडकीच्या सावलीत ठेवलेली दिसली. "वर लय तापते," एवढंच म्हणाला.

चाचांनी साहेबांच्या बाईंकरवी नागपूरला पत्र धाडलं होतं. सुमनताई बाळंत होऊन अंथरुणावर होत्या. त्यांनी अंथरुणातून लिहून पाठवलं, झाड माझं आहे, ते मी तायडे यांच्या स्वाधीन केलं होतं. ते पत्र ठाण्यात पोचलं, तक्रार मागं घेतली गेली आणि झाड माझ्या हवाली झालं. माझी माफी कुणी मागितली नाही. पोलिसांकडून कागद आला, त्यात 'गैरसमजुतीतून' असा शब्द होता. गैरसमज कुणाचा, हे लिहिलेलं नव्हतं.

श्रावणात त्या झाडाला दोन नवी मुळं आली आणि मग एक पान. जुन्या पानांच्या सुरकुत्या काही गेल्या नाहीत. त्या जात नाहीत. नवं पान तेवढं ताठ येतं.

दिवाळीनंतर ताई अमरावतीला आल्या, काखेत मुलगी. बंगल्यामागच्या माझ्या खोलीपर्यंत चालत आल्या. मी टोपली खाली काढून त्यांच्यासमोर धरली आणि त्यांनी ती या वेळी माझ्या हातातून घेतली. बोट लागलं, तरी हात मागं घेतला नाही. टोपली मांडीवर घेऊन बसल्या आणि नव्या पानावरून अंगठा फिरवत राहिल्या. डोळे भरलेले होते.

"तुमचे फार हाल झाले, भाऊ," त्या म्हणाल्या. "मला सगळं कळलं. सासूबाई जुन्या वळणाच्या आहेत. तुम्ही थोडं थांबला असता, मला एक पत्र टाकलं असतं, तर मी तिथून कुणाला तरी सांगून गोड्या पाण्याची सोय केली असती."

त्या वाईट नव्हत्या. त्या घरातल्या सगळ्यांत चांगल्या त्याच होत्या. आणि म्हणूनच ते वाक्य मला आईसाहेबांच्या ओरडण्यापेक्षा जास्त लागलं.

"ताई, तोवर थांबलं असतं का हे झाड?"

"मी झाडाचं नाही म्हणत," त्या म्हणाल्या.

"मीबी झाडाचं नाही म्हणून राहिलो, ताई."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मुलगी रडायला लागली तशा उठल्या. टोपली घेऊन गेल्या, पण अकोल्याला नाही, नागपूरला, आईकडे ठेवायला. फाटकापाशी थांबून त्यांनी पाणी किती आणि कधी घालायचं ते पुन्हा विचारून घेतलं. मी सांगितलं.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांचं पत्र आलं. हातभर लांब घोस आला आहे, आईनं शेजारच्यांना बोलावून दाखवला, तुमची आठवण काढली, असं दोन पानं भरून लिहिलेलं. मी ते दोनदा वाचलं. हौदाबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. पुढं मी सरकारी रोपवाटिकेत लागलो, अकोल्यातच बदली झाली, माळ्यांचा मुकादम होऊन तिथूनच निवृत्त झालो. त्या पत्राला मात्र मी उत्तर पाठवलं नाही. तेव्हा वाटलं होतं, आपण अबोल राहून जिंकलो. आता वाटतं, मी लिहायला पाहिजे होतं. साध्या शब्दांत, एकाच ओळीत विचारायला पाहिजे होतं, की ताई, तुमच्या घरी आता माळ्याला कुठलं पाणी देतात?